फुगेवाली

धाकट्याच्या शाळेत यंदा ‘माझ्या आवडीचा देश’ या विषयावर एक वही करायची होती. त्याने जपान निवडला, तो अर्थातच तिथल्या सुसाट आगगाडीसाठी. वही मुलाची असली तरी ती करायची कुणी, हे तुम्हा मैत्रिणींना मी काय सांगावं! आगगाडी, फुजी पर्वत आणि चेरीची फुलं झाली. तरी पानं उरलीच. तेव्हा आमच्या नगर वाचनालयातून जपानी चित्रकलेवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आले. म्हटलं, यातलं एखादं चित्र बघून काढून देऊ.

रात्री ओटा आवरला, विरजण लावलं आणि पुस्तक घेऊन बसले. हे दोनदा म्हणाले, “अगं, दिवा बंद कर आता.” पण मी कसली उठते! आणि मग एका चित्रापाशी आले, नि पुस्तक मिटून तशीच बसून राहिले. का, ते सांगते. पण आधी त्या चित्राच्या मागचा माणूस तुम्हांला भेटायला हवा.

त्यांचं नाव हाशिमोतो गाहो. जन्म १८३५चा, एदो शहरातला. एदो म्हणजेच आजचं टोकियो. वडीलही चित्रकार. त्या काळी जपानात कानो घराण्याची चित्रकला म्हणजे सरकारी मानाची चित्रकला. आपल्याकडे गाण्याची घराणी असतात ना, तसंच हे. जवळजवळ चारशे वर्षं राज्यकर्त्या सरदारांचे वाडे, देवळं, पडदे, सरकती दारं या घराण्याने रंगवली. त्यातल्याच एका मोठ्या गुरूंकडे गाहो लहानपणी शिकायला राहिले. तिथेच त्यांना सहासात वर्षांनी मोठा असा एक गुरुबंधू भेटला, कानो होगाई. दोघेही इतके हुशार, की गुरूंकडचे ‘ड्रॅगन आणि वाघ’ अशी त्यांची ख्याती झाली.

शिकणं कसं? तर गुरूने काढलेलं चित्र समोर ठेवायचं आणि तसंच्या तसं उतरवायचं. पुन्हा पुन्हा उतरवायचं. खडक असा, देवदाराची फांदी अशी, बगळ्याची मान अशी. हातात इतकं भिनलं पाहिजे की डोळे मिटूनही रेषा चुकता कामा नये. त्या घराण्याचा सगळा जीव रेषेत होता.

गाहो शिकून तयार झाले, त्यांनी संसार मांडला, आणि १८६८ साली सगळं उलटंपालटं झालं. सरदारांची सत्ता गेली, सम्राट मेईजींचं राज्य आलं. देशाने पश्चिमेकडे तोंड फिरवलं. बूट, टोप्या, विटांच्या इमारती, तैलचित्रं. जुनं ते सगळं टाकाऊ ठरलं. ज्यांचे पोशिंदेच गेले त्या चित्रकारांना कोण विचारणार? होगाईंनी रेशमाचे किडे पाळून बघितले, लिहिण्याच्या सामानाचं दुकान काढून बघितलं. गाहोंनी परदेशी धाडायच्या पंख्यांवर चित्रं काढली. जपानात शामिसेन म्हणून तीन तारांचं वाद्य आहे. त्याच्या तारा ज्या इवल्याशा घोडीवर टेकतात, त्या घोड्या कोरून त्यांनी विकल्या. या ओढाताणीत त्यांच्या पत्नीचं मन बिघडलं. पुस्तकात त्या बाईंवर एकच ओळ आहे. मी ती दोनदा वाचली. घरात उद्याच्या तांदळाची काळजी असताना बाईमाणसाच्या मनाचं काय होतं, ते एका ओळीत मावत नाही.

शेवटी १८७१ साली गाहोंना आरमाराच्या शाळेत नकाशे आणि आकृत्या काढण्याची नोकरी मिळाली. ती त्यांनी पंधरा वर्षं केली. चारशे वर्षांच्या घराण्याचा हिरा आणि काम काय, तर किनाऱ्याचे नकाशे! पण घर चाललं. हे वाचताना मला माझे दिवस आठवले. मी काही हिरा नव्हे, पण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी चांगल्या श्रेणीत पास झाले होते. पुढे जायचं होतं. “चित्रं काढून पोट भरतं होय?” असं म्हणून वडिलांनी बी.ए.ला घातलं. मग लग्न, मुलं. आता आठवड्यातून तीन दिवस इथल्या एका शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना चित्रकला शिकवते. गॅसचं बिल त्यातून भागतं, म्हणून तीही नोकरी घरच्यांना पटते.

गाहोंचे दिवस पालटले ते एका परक्या माणसामुळे. अर्नेस्ट फेनोलोसा हा अमेरिकन तरुण १८७८ साली टोकियोच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायला आला आणि जुन्या जपानी चित्रांच्या प्रेमात पडला. ‘तुमच्या घरात एवढं सोनं पडलेलं असताना तुम्ही पितळेच्या मागे का धावता?’ अशा अर्थाची भाषणं तो द्यायला लागला. घरची किंमत बाहेरच्याने सांगावी लागते, हे काही आपल्यालाही नवीन नाही! त्याचा विद्यार्थी ओकाकुरा हा त्याचा उजवा हात. या दोघांनी होगाई आणि गाहोंना शोधून पुन्हा कुंचला हाती धरायला लावलं.

पण जुनं जसंच्या तसं उगाळायचं नव्हतं. त्यांना कानो घराण्याची रेषा हवी होती, आणि पश्चिमेच्या चित्रांतली खोली नि उजेडही हवा होता. होगाईंचं शेवटचं चित्र करुणेची देवता कान्नोन हिचं आहे. ती आकाशात उभी आहे. तिच्या हातातल्या कुपीतून पाण्याची बारीक धार खाली पडते आहे, आणि खाली एका पारदर्शक गोलात नुकतं जन्मलेलं बाळ वर तिच्याकडे बघतं आहे. हे चित्र पुरं होण्याआधीच, १८८८च्या नोव्हेंबरात, होगाई गेले. उरलेलं काम गाहोंनी पुरं केलं. मी ते चित्र भिंग घेऊन पाहिलं. कुठे एकाचा हात थांबला नि दुसऱ्याचा सुरू झाला, ते मला काही कळलं नाही.

दुसऱ्याच वर्षी, १८८९ साली, टोकियोची सरकारी चित्रशाळा सुरू झाली आणि गाहो तिथे चित्रकलेचे मुख्य गुरुजी झाले. वय चोपन्न. आरमारातून चित्रशाळेत! मुलींना मात्र त्या शाळेची दारं दुसरं महायुद्ध संपेपर्यंत बंदच होती, हेही लिहायलाच हवं. तिकडे क्योतोमध्ये मात्र चहापत्तीचं दुकान चालवणाऱ्या एका विधवा आईने आपल्या मुलीला बाराव्या वर्षी तिथल्या चित्रशाळेत घातलं. ती मुलगी म्हणजे उएमुरा शोएन. पुढे १९४८ साली जपानचा सर्वांत मोठा सांस्कृतिक सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. त्या आईला माझा नमस्कार.

तर गाहोंच्या शाळेत तीन गोष्टी शिकवत. पहिली, जुन्या थोरांची चित्रं उतरवणं. दुसरी, समोरचं झाड, पान, पक्षी बघून काढणं. आणि तिसरी, स्वतःच्या मनाने नवीन चित्र रचणं. जुन्या घराण्यात तिसरीला फारशी जागा नव्हती. गाहो मुलांना एक शब्द फार सांगत, कोकोरोमोची. म्हणजे चित्र काढताना मनात काय धरलं आहे, ते. हात कितीही तयार असला नि मनात काही नसलं, तर ते चित्र नव्हे.

आता ते चित्र. ताइकान योकोयामा हा त्यांचा पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. १८९३ साली शेवटच्या परीक्षेला त्याने एक चित्र दिलं. गावात एक म्हातारा माकडवाला आला आहे आणि पोरं त्याच्याभोवती जमली आहेत. पोरांचे चेहरे कुणाचे? तर वर्गातल्या सोबत्यांचे, ते लहानपणी कसे दिसत असतील तशी कल्पना करून काढलेले. आणि म्हातारा माकडवाला कोण? तर स्वतः गाहो गुरुजी!

परीक्षेचं चित्र, परीक्षक तेच, आणि त्यांनाच माकडवाला केलेलं. ताइकान पास झाला. एवढंच नाही, काही वर्षांत तो त्याच शाळेत शिकवायला लागला.

इथेच मी पुस्तक मिटलं.

कारण असं, की मागच्या दिवाळीच्या आधी मी सातवीला ‘गावची जत्रा’ हा विषय दिला होता. नेहमीचाच विषय. पाळणा, देऊळ, मिठाईचं दुकान, फुगेवाला. चाळीस कागद सारखेच येतात, भराभर गुण देऊन मोकळं होता येतं. त्यांत एका मुलीच्या कागदावर जत्रा नव्हतीच. नुसती एक फुगेवाली होती. अंगात माझी हिरव्या काठांची साडी, नाकावर माझा चष्मा, खांद्याला माझी ती तुटक्या बंदाची पर्स. हातात दोऱ्यांचा जुडगा आणि प्रत्येक फुग्यावर वर्गातल्या एकेकाचा चेहरा. एक फुगा मात्र दोरीसकट सुटून वर निघाला होता, त्यावर तिचा स्वतःचा चेहरा.

चित्र बाकांवरून फिरत फिरत माझ्याकडे आलं तेव्हा वर्ग खिदळत होता. मला ते हसू लागलं. आधीच अर्धवेळ शिक्षिका, शिक्षकांच्या खोलीत धड स्वतःची खुर्ची नाही, चित्रकलेचा तास म्हणजे कुणीही गणितासाठी मागून घ्यावा असा. त्यात पोरीनेही आपल्याला फुगेवाली करावं! मी सगळ्यांसमोर म्हटलं, “चित्रकला म्हणजे थट्टा नव्हे.” दहापैकी तीन गुण दिले आणि कागद कपाटात टाकला.

ती काही बोलली नाही. पुढच्या तासापासून मात्र ती फळ्यावरचं चित्र हुबेहूब काढायला लागली. केळ्याचं केळं, तांब्याचा तांब्या. एक रेष इकडची तिकडे नाही. मी तिला आठ-नऊ गुण देत होते आणि मनात म्हणत होते, बघा, कशी सुधारली!

त्या रात्री अंधारात पडल्यापडल्या मला कळलं की ती सुधारली नव्हती, मिटली होती.

सकाळी चहा घेताना मी सासूबाईंना सगळं सांगितलं. गाहोंचंही आणि माझंही. त्या शेंगा सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “अगं, जत्रेत पोरं सगळ्यांत आधी धावतात कुणाकडे? फुगेवालीकडेच ना! त्या पोरीने तुला देवळातली देवी केली असती, तर कुणी जवळ तरी आलं असतं का?”

मी गप्प झाले. मग आठवलं, लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात यांनीच मला चैत्रांगण शिकवलं होतं. झोपाळ्यातली गौर, शंख, चक्र, गदा, गोपद्म, नाग, तुळशीवृंदावन, सूर्य, चंद्र. त्या एक आकृती काढायच्या, शेजारी मी तशीच. चुकलं की हाताने पुसून, “पुन्हा काढ.” दोन वर्षं मी नुसती उतरवत होते. तिसऱ्या वर्षी आमच्याकडे पहिली स्कूटर आली, आणि मी भीतभीत गौरीच्या झोपाळ्याशेजारी एक स्कूटर काढली. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी बघितलं, हसल्या, आणि स्कूटरवरही हळदकुंकवाची बोटं टेकवली. म्हणाल्या, “गौर माहेरी आलीय, तिला फिरवून आण.” सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या सासूबाईंना जे कळलं, ते परीक्षा पास झालेल्या मला कळलं नाही.

पुढचं पुस्तक मग मी दोन रात्रींत संपवलं. गाहोंचे विद्यार्थी त्यांच्याही पुढे गेले, आणि कधी कधी उलट्या दिशेलाही. शुन्सो हिशिदा या विद्यार्थ्याने १८९५ साली परीक्षेला युद्धात नवरा गेलेल्या विधवेचं आणि तिच्या तान्ह्याचं चित्र दिलं. ‘हे काय भुताटकीचं चित्र!’ असं एका शिक्षकाने म्हटलं. वाद झाला. शेवटी मुख्याध्यापक ओकाकुरांनी निकाल दिला आणि ते चित्र पहिलं आलं. त्याच साली क्योतोच्या प्रदर्शनात गाहोंचा ड्रॅगन आणि वाघाचा भव्य पडदा लागला. लाटा, वीज, वाऱ्याने वाकलेले बांबू. काहींनी त्यातल्या वाघाची थट्टा केली. पण ग्योकुदो कावाई नावाचा एक तरुण चित्रकार तो पाहून इतका हलला, की पुढच्याच वर्षी क्योतो सोडून टोकियोला गाहोंकडे शिकायला गेला. ज्याची थट्टा झाली तोच पडदा आज जपानचा जपून ठेवलेला ठेवा आहे.

१८९८ साली ओकाकुरांना शाळा सोडावी लागली, तेव्हा गाहोही त्यांच्याबरोबर बाहेर पडले. एवढ्या हालांनंतर मिळालेली सरकारी जागा त्यांनी सोडली. सगळ्यांनी मिळून यानाका भागात स्वतःची संस्था काढली. आणि तिथे शिष्यांनी काय करावं? ताइकान आणि शुन्सोंनी चक्क रेषाच पुसली! चित्रात हवा कशी दाखवता येईल, असा प्रश्न ओकाकुरांनी घातला होता. त्यावर या दोघांनी कोरड्या कुंचल्याने रंग पसरवून धुकं, पाऊस, संधिप्रकाश काढायला सुरुवात केली. लोकांनी त्याला ‘धुरकट चित्रं’ म्हणून नावं ठेवली, चित्रं विकली जाईनात. ज्या घराण्याचा जीव रेषेत, त्या घराण्याच्या गुरूचे शिष्य हे! तरी गाहो त्याच संस्थेचे प्रमुख म्हणून त्यांच्याबरोबर राहिले.

ही धुरकट चित्रं काढणारी जोडी १९०३ साली आपल्या देशात आली होती, हे तर मला ठाऊकच नव्हतं. कलकत्त्याला ती टागोरांच्या परिवारात मिसळली. ताइकान रुंद कुंचल्याने कागद ओला करतो, रंग कसा हळूहळू पसरू देतो, हे अवनींद्रनाथ टागोरांनी बारकाईने पाहिलं. त्यांनी पुढे जाऊन आपलं अख्खं चित्रच पाण्यात बुडवून काढायला सुरुवात केली, आणि त्यातून त्यांची ती तलम, पाणीदार शैली आली. १९०५ सालची त्यांची भगव्या वस्त्रातली ‘भारतमाता’ आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. अवनींद्रनाथांचे शिष्य नंदलाल बोस, ज्यांनी आपल्या राज्यघटनेच्या मूळ प्रतीची पानं सजवली. आणि नंदलालबाबूंकडे शांतिनिकेतनात शिकलेले आपले विनायक मासोजी. कुठून कुठे पोचलं बघा!

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. ताइकानने १९०९ साली एक चित्र केलं, गंगेच्या घाटावर दिवे सोडणाऱ्या आपल्या बायकांचं. ते आजही जपानात मानानं जपलेलं आहे. त्याच वर्तुळातले कान्पो आराई १९१६ साली कलकत्त्याला शिकवायला आले आणि आपल्या अजिंठ्याला जाऊन तिथल्या भिंतींवरची चित्रं त्यांनी उतरवून घेतली. आपण सहलीला जातो, डबे खातो आणि ‘अंधारात काही दिसलं नाही बाई’ म्हणत परत येतो. तो माणूस एवढ्या लांबून आला आणि अंधारात बसून एकेक बोट, एकेक पापणी उतरवत राहिला.

शुन्सो फार जगला नाही. डोळ्यांचा आजार झाला, त्यातून उठून त्याने गळलेल्या पानांचं रान काढलं, पानांत बसलेलं काळं मांजर काढलं, आणि १९११ साली, सदतीस पुरी व्हायच्या आतच, तो गेला. ताइकान मात्र १९५८ पर्यंत, नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत, चित्रं काढत राहिला. गाहो गुरुजी १९०८ सालीच गेले होते. त्यांची स्वतःची चित्रं थोरच, पण मला वाटतं, आपल्याला माकडवाला केलेलं हसत पास करणं, हे त्यांच्या मोठ्या कामांतलंच एक.

सोमवारी शाळेत गेले. कपाटातला गठ्ठा उपसला. कागद होता, एका कोपऱ्याला कसर लागली होती. तास सुरू झाल्यावर फळ्यावर काही काढलं नाही. मुलांना गाहोंची गोष्ट सांगितली. पंखे, घोड्या, नकाशे आणि माकडवाल्यासकट. मग ते चित्र सगळ्यांसमोर वर धरलं आणि म्हटलं, “हे चित्र तपासताना माझी चूक झाली. थट्टा नव्हे हे. या वर्गात दुसऱ्या कुणालाही न सुचलेली गोष्ट आहे ही.” सांगते तुम्हांला, चाळीस मुलांसमोर ‘माझी चूक झाली’ म्हणायला घसा कोरडा पडतो. मुलीचं नाव घेतलं नाही. ती खाली बघत होती.

तीनचे नऊ केले. दहा का नाही, असं तुम्ही विचाराल. दहावा गुण पर्सच्या बंदासाठी कापला, तो मी केव्हाच शिवून घेतला आहे!

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. मला वाटलं, चित्र घरी न्यायला मागेल. ती कागदाकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, “बाई, चष्मा जरा मोठा झालाय. पुन्हा काढू का?”

म्हटलं, “काढ. आणि त्या सुटलेल्या फुग्याला वर जागा जरा जास्त ठेव.”

धाकट्याच्या वहीत शेवटच्या पानावर मी तो जपानी माकडवाला बघून काढला. बघून काढायची माझी सवय अजून आहेच, पण हात इतक्या वर्षांनी बरा चालला. आणि एक विनंती. मार्च-एप्रिलात मुलांच्या जुन्या वह्या रद्दीत घालाल, तेव्हा किलोवर देण्याआधी मागची पानं एकदा उलटून बघा. कोण जाणे, त्यात तुम्हीही कुठे फुगेवाली होऊन उभ्या असाल.